आमच्या उत्तराचा कप्पा

"हा कप्पा कोणी केला?"

साहेब मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. मे महिना. नागपूरचा मे. आणि हॉलमधले सगळे पंखे बंद, कारण पंखा लावला की टेबलावरच्या कागदी स्लिपा उडायच्या. साहेबांच्या खोलीत मात्र कूलर होता. दार उघडलं की वाळ्याचा गार वास यायचा. तो वास आला म्हणून मी मान वळवली.

"मी केला साहेब."

त्या कप्प्यावर मी खळीनं कागदाची पट्टी चिकटवली होती. साहेबांनी ती नखानं सोलून काढली. सावकाश, खपली काढावी तशी. पट्टीवर एकच शब्द होता. बौद्ध. तो त्यांनी सगळ्या हॉलला दाखवला.

"बघा. ह्या बाईंनी सरकारी पाहणीत आपल्या मनानं एक नवीन जात घातली."

हॉल हसला. उकाड्यात बसलेली माणसं कशालाही हसतात, तेवढाच वारा.

"जात नाही साहेब," मी म्हटलं.

"जात नाही ना? मग जातीच्या मांडणीत कशी आली?"

"त्यांनी तेच सांगितलं म्हणून."

"त्यांनी म्हणजे तुम्हीच ना?"

पुन्हा हसले सगळे. माझ्या शेजारची विमलसुद्धा. जवळच्या खापा गावची होती विमल, माझ्या डब्यातली चटणी रोज हक्कानं घ्यायची, चांगल्या मनाची पोरगी. ती हसली ते मला जास्त लागलं.

काम काय होतं ते सांगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या घराघरांची एक सरकारी पाहणी झाली होती. माणसं दारोदार जाऊन विचारून आली होती, वय किती, शिक्षण किती, धंदा काय, जात कोणती. एका माणसाची एक स्लिप. आम्ही पन्नासेक जणी-जण त्या स्लिपा वाटायचो. प्रत्येकासमोर पोस्टात असते तशी लाकडी कप्प्यांची मांडणी. आधी वयाप्रमाणे वाटायच्या, मोजायच्या, पुन्हा एकत्र करायच्या, मग धंद्याप्रमाणे, मग जातीप्रमाणे. मोजलेलं मुंबईला जायचं. तिथं म्हणे कॉम्प्युटर होता. आम्ही तो पाहिलेला नव्हता. हंगामी काम होतं आणि मी ते खुशीनं करत होते. बी.ए. बाहेरून दिलेलं, गणित आणि सांख्यिकी घेऊन, कॉलेजची पायरी न चढता. कोणी शिकवायला नव्हतं. जुनी पुस्तकं आणायची आणि समजेपर्यंत वाचायची, एवढीच माझी शाळा.

त्या दिवशी माझ्या टेबलावर आमच्याच वस्तीचा गठ्ठा आला. स्लिपेवर नाव नसायचं, घराचा नंबर असायचा. आपल्या घराचा नंबर कोणाला कळत नाही? वय, मिलमधलं खातं, आणि जातीच्या रकान्यात, बौद्ध. माझे बाबा होते ते. पाहणीवाला आला तेव्हा मी घरीच होते. बाबा ओसरीत नुकतेच पाळीवरून येऊन टेकले होते. त्यानं विचारलं, बाबांनी सांगितलं. त्यानं "नाही, आधीची?" म्हणून परत विचारलं. बाबांनी परत तेच सांगितलं. दीक्षा घेतली तेव्हा ह्या माणसानं घरातले देव कापडात बांधून बाहेर काढले होते. त्या उत्तरासाठी त्यानं भाऊबंद गमावले होते. आणि माझ्या मांडणीत त्या उत्तराला कप्पाच नव्हता. सगळ्या जातींचे होते. शेवटी एक 'इतर'. त्या इतरमध्ये लोक काय काय टाकायचे, वाचता न आलेलं अक्षर, शाई सांडलेली स्लिप. तिथं मी बाबांना टाकू?

खाली एक कप्पा रिकामा होता. मी पट्टी चिकटवली. मला त्यात बंड वगैरे काही वाटलं नव्हतं. पुष्कळ स्लिपा एकसारख्या आल्या, त्यांना जागा केली. बस.

साहेबांनी पट्टीची गोळी केली. "एकेक स्लिप घ्या, हे खोडा, आणि जी होती ती जात लिहा. तुम्हाला विचारत फिरावं लागणार नाही. ठाऊकच आहे."

"मी नाही लिहिणार साहेब."

आवाज बारीकच निघाला माझा. पण हॉलमध्ये हसणं थांबलं.

"कॉलेजात, नोकरीत सवलत मागताना दाखला कोणता दाखवता? तेव्हा जात आठवते. मोजायची म्हटली की विसरते."

ह्याला काय उत्तर द्यावं ते मला त्या वेळी सुचलं नाही. खरं सांगते. साहेबांनी गठ्ठा उचलला आणि विमलपुढे ठेवला. मला म्हणाले, "तुम्ही आता वाटायला बसू नका. गठ्ठे बांधा."

मी भिंतीशी सुतळी घेऊन बसले. विमल खोडत होती, लिहीत होती. सुंदर अक्षर तिचं. मधेच माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली,

"तुमच्या इकडं सगळे तेच न वं? की कोणी दुसरंबी आहे?"

तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. मीठ कमी आहे का असं विचारावं तसं तिनं विचारलं. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी घरी गेले. मी गप्प बसले की आमच्या घरात लगेच कळतं, कारण मी कधी गप्प नसते.

"काहून वं? आज रेडिओ बंद?" बाबा म्हणाले.

सगळं सांगितलं. आई शिव्या देत होती, साहेबाला, त्याच्या कूलरला. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"मले इचारलं, म्या सांगतलं. लिवाचं नव्हतं तं इचारलं काहून?"

साहेबाला द्यायचं उत्तर हे होतं. दाखला सरकारनं मागितला, आम्ही दिला. पण हा प्रश्न माझ्या बापाला होता आणि उत्तर त्याचं होतं. ते पुसायचा हक्क ह्यांना कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. थंड वाऱ्यात उभी राहिले.

"कप्पे कोण ठरवते साहेब?"

ते आधी चिडले, मग त्यांना गंमत वाटली. "वरून ठरून येतात. कोणते प्रश्न, कोणते कप्पे, सगळं. ते ठरवणारे स्टॅटिस्टिक्समध्ये एम.ए., एम.एससी. झालेले असतात. का? तुम्हाला करायचंय?"

"हो."

"सीट मिळेल तुम्हाला. सीट मिळते. डोकं सवलतीत मिळत नाही."

मी बाहेर आले, सुतळी ठेवली, चप्पल घातली. पुन्हा त्या हॉलमध्ये गेले नाही.

आता दुसरी बाजू ऐका. धरमपेठेत एक ताई होत्या. मोठं घर, मोठं ग्रंथालय, मन तर फारच मोठं. मला पुस्तकं द्यायच्या, चहा द्यायच्या. कप वेगळा नसायचा, हेही सांगून टाकते. मी म्हटलं, एम.ए.ला बसते. त्यांना आनंद झाला.

"मराठी घे. तुझ्याकडे केवढा अनुभव आहे. लिही. तुमच्या लोकांनी लिहायलाच हवं."

"मी स्टॅटिस्टिक्स घेऊन राहिली ताई. तिथं आता कॉम्प्युटरचाबी पेपर सुरू झाला म्हणते."

त्यांचा चेहरा पडला. "अगं, ते रुक्ष. त्यात तू कुठे दिसणार? तुझं दुःख कुठे येणार त्यात?"

साहेबांचा राग परवडला. त्यांना मी स्लिप वाटत होते. ताईंना मी गोष्ट वाटत होते. एकानं खोडायची, दुसरीनं वाचून डोळे पुसायचे. मोजणारी, ठरवणारी बाई म्हणून मी दोघांच्याही डोक्यात बसत नव्हते.

"ताई, दुःख माझं आहे. ते मी कुठं ठेवायचं ते मी पाहीन," म्हटलं. चहा संपवला आणि निघाले. नंतर पुस्तकं मिळाली नाहीत.

प्रवेशाच्या वेळी विभागात तिघं बसले होते. त्यातल्या एकानं माझा दाखला पाहिला, मग मला पाहिलं. "समाजशास्त्रात जागा आहेत अजून. झेपेल असं घ्या ना बाई."

"हेच घ्यायचं आहे."

"का?"

"लोकांना विचारून मग त्यांचं उत्तर बदलतात म्हणून."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं माझ्या अर्जावर सही केली. सीट मिळाली. सवलतीतच मिळाली, आणि मला त्याची लाज नाही.

पहिल्या वर्षी नापास झाले. निकाल घेऊन रस्त्यानं चालत आले. साहेबांचं वाक्य सगळीकडे ऐकू येत होतं, रिक्षावाल्याच्या घंटीतसुद्धा. कॉम्प्युटरच्या पेपरात सगळ्यात कमी. कारण मशीन पाहायला मिळालंच नव्हतं, फळ्यावर शिकलो होतो. पण बाकीचे तसेच शिकून पास झाले होते, तेव्हा ते कारण मी कोणाला सांगितलं नाही.

आई म्हणाली, "सोड वं आता. मास्तरीण हो."

मी पुन्हा परीक्षेला बसले. हुशार म्हणवून घ्यायला नाही. साहेबांना दाखवून द्यायला तर नाहीच, ते कधीच विसरून गेले असतील मला. पास होईन तेव्हा होईन. पण जिथं बसून प्रश्न ठरतात, कप्पे ठरतात, त्या टेबलाशी मला खुर्ची पाहिजे होती. कोणी उभं राहून दिलेली नको, माझी मी ओढून घेतलेली. आणि त्या टेबलावर ज्यानं कोणी आमच्या माणसांच्या तोंडचं उत्तर खोडायला पेन उचललं, त्याचा हात मी धरणार होते. भर सभेत. आणि सोडणार नव्हते.