बाकीचे जागच्या जागी

बेळगाव स्टेशनावर आप्पांनी माझी ट्रंक स्वतः डब्यात ठेवली. शहापुरातल्या आमच्या घरात दोन हातमाग, एक त्यांचा, एक माझा. स्कॉलरशिपवर मी विलायतेला निघालो होतो. आप्पा म्हणाले, "तुझा माग मोडत न्हाय. ताण्याची टोकं तशीच ऱ्हातील. आलास की नवा ताणा सांधू." आमच्यात मागावरचा ताणा कधी पुरता काढत नाहीत, जुन्या धाग्यांची टोकं राखतात आणि नवे धागे त्यांनाच गाठी मारून ओढून घेतात. त्या टोकांच्या भरवशावर मी परदेशात दिवस काढले.

तिथं एका प्रोफेसरांकडे अणूंच्या आकडेमोडीचं काम मिळालं. अणूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, म्हणून एकाची जागा बाकीच्या सगळ्यांवर ठरते. आधी सगळ्यांना अंदाजानं बसवायचं, मग त्यांच्या ढकलण्यातून एकेकाची जागा नव्यानं काढायची, आणि जागा बदलायच्या थांबेपर्यंत हेच करत राहायचं. तेही हातानं दांडा फिरवायच्या यंत्रावर, घरी रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरतात तसं. हे घरी कळवलं तर आईचा निरोप आला, "कांड्याच भरायच्या हुत्या तर शापुरात काय कमी हुत्या?"

अणूतून एक इलेक्ट्रॉन काढला की काय होतं, तेही बघावं लागे. घाईत आम्ही बाकीचे जागच्या जागी आहेत असं धरायचो. उत्तर जवळपास यायचं, पण चुकायचं. प्रोफेसर म्हणत, "एक गेला की सगळे सरकतात. पुन्हा मांडा." मी मांडायचो. घराचं गणित मात्र तसंच धरून बसलो होतो.

महायुद्धानं बोटी अडवल्या. मी परतलो तेव्हा आई नव्हती. आप्पांना दिसेनासं झालं होतं, आणि विधवा होऊन माहेरी आलेली आक्का माझ्या मागावर लुगडं विणत होती. मला पाहून ती उठली.

"बस रं, तुझाच माग हाय. तुझ्याच टोकांना सांधलाय मी."

मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले. पायानं दाबायच्या पावड्यांच्या दोऱ्या तिनं आपल्या पायांच्या मापानं आखूड केल्या होत्या. माझे गुडघे वर मागाला अडकले.

"सोडू काय दोऱ्या?" तिनं विचारलं.

घर त्याच मागावर चाललं होतं. मी नको म्हणून उठलो आणि परसात जाऊन रडलो.

आता मी पुन्हा विलायतेत आहे. घर कुठं, असं कोणी विचारलं की अजून शहापूरच सांगतो; माझी जागा मात्र तिथं उरलेली नाही. आप्पांना हल्ली आठवणही राहत नाही. आक्का कळवते, मागाचा आवाज आला की ते विचारतात, "ल्योक बसलाय न्हवं?"

ती व्हय म्हणते आणि विणत राहते.