आईचा नंबर

काल लातूरच्या दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "आता कुणाचा नंबर हाय?" आणि मला तापलेल्या मातीवर सांडलेल्या पाण्याचा वास आला.

मी लहान होतो तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुष्काळात विहीर आटली आणि आमच्या गावात टँकर यायला लागला. त्याआधी विहिरीवर आमच्या बौद्धवाड्यातल्या बायांनी लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी घ्यायचं. टँकरसाठी मात्र सगळ्यांच्या घागरींची एकच रांग लागायची. माणसं सावलीला बसायची, नंबर घागर धरायची.

एकदा टँकर येताच वरच्या आळीतल्या काकूंनी आमची घागर बाजूला सारली. हात लागू नये म्हणून पायानं. तिथं आपली कळशी ठेवली. आई लिंबाखालून उठली, घागर पुन्हा जागेवर आणली आणि आवाज न चढवता म्हणाली, "काकू, नंबर माझा हाय."

काकूंनी रांगेकडं पाहिलं. त्यांनी कळशी उचलली आणि मागं गेल्या.

कंपाउंडरला मी म्हणालो, "माझा." बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. जरा मोठ्यानंच बोललो असेन.