मागून घेतलेला संघ

माझी लेक नववीत होती, त्या वर्षी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमधल्या तिच्या हायस्कूलच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला कोच मिळत नव्हता. संघ नेहमी हरणारा, आधीचा कोच कंटाळून सोडून गेलेला. मग एका फिलिपिनो माणसाने तो संघ स्वतःहून मागून घेतला. त्याच शाळेत तो बरीच वर्षं मुलांच्या संघाचा असिस्टंट होता. मुलांच्या मुख्य कोचची जागा दोनदा रिकामी झाली, आणि दोन्ही वेळा शाळेने त्याला वगळून बाहेरून कोणी उंचापुरा माणूस आणला. हे आम्हा पालकांना मागाहून कळलं.

लेक माझ्यावर गेलेली, म्हणजे बुटकी. एका क्लबने तिला उंचीवरूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे शाळेच्या निवडीतून ती हसत गाडीत येऊन बसली, तेव्हा मला खरंच वाटेना.

"घेतलं तुला? उंचीचं काही नाही म्हणाला?"

"आई, ही इज शॉर्टर दॅन बाबा," ती म्हणाली.

पहिल्या भेटीत मला तो कोच वाटलाच नाही. बारीक अंगाचा, मृदू आवाजाचा माणूस, चालताना डावा गुडघा जरा आखडलेला. पण त्याने चेंडू हातात घेतला आणि मी फोन पर्समध्ये टाकून बघत बसले. चेंडूकडे न बघता तो मुलींशी गप्पा मारत होता, आणि चेंडू पाळलेल्या मांजरासारखा त्याच्या पायात घोटाळत होता.

त्या हिवाळ्यात टूसॉनच्या बाजूला एक सामना होता. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून परतताना तो आमच्या गाडीत आला. सामना आम्ही हरलो होतो. लेक मागच्या सीटवर झोपली. दोन्हीकडे निवडुंगांचं वाळवंट, उतरतं ऊन. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे खेळायचात?"

"सगळीकडे," तो हसला. "आमच्याकडे माडाच्या झाडालाही रिंग ठोकलेली असते. आम्ही चपला घालूनच खेळायचो."

त्या माडाखालून तो मनिलाच्या व्यावसायिक संघापर्यंत पोचला होता. संघात सगळ्यात बुटका तोच. भरलेलं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडायचं. मग एका सामन्यात बास्केट करून खाली येताना तो दुसऱ्याच्या पायावर पडला. गुडघ्यातला आवाज त्याला स्वतःला ऐकू आला होता. ऑपरेशनं झाली, तो पुन्हा मैदानात उतरलाही, पण पूर्वीचा वेग आला नाही आणि संघाने करार वाढवला नाही. बायको नर्स होती. तिला फीनिक्सला नोकरी लागली आणि हा तिच्यामागून आला. सकाळी विमानतळावर बॅगा चढवायचा, दुपारी शाळेच्या जिममध्ये जाऊन चेंडू गोळा करायचा. तिथूनच तो असिस्टंट झाला.

"दोनदा डावललं, तेव्हा राग नाही आला?"

"आला ना. खूप आला. बायकोने विचारलं, तुला कोच व्हायचंय की मुलांचाच कोच व्हायचंय? दुसऱ्या दिवशी जाऊन मुलींचा संघ मागितला."

मग त्याने मला विचारलं, मी काय खेळायचे. मी म्हटलं, खो-खो. सांगलीला शाळेच्या संघात होते. घर येईपर्यंत त्याने मला एकच विषय बोलायला लावला, आणि पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कपड्यांतच मला जिममध्ये उभं केलं. बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळत मी हूल कशी द्यायची ते दाखवलं. श्वास फुलला, पण सगळ्यात लांब हातांच्या मुलीलाही मी सापडले नाही. कोच टाळ्या वाजवत होता. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

त्या वर्षी आम्ही हरलो, पण कमी फरकाने. पुढच्या वर्षी जिंकायला लागलो. लेक अकरावीत गेली, तेव्हा तो बुटका संघ विभागाच्या अंतिम सामन्यात उभा होता. समोर नेहमीचे विजेते. त्यांच्या मुली वॉर्म-अपला आल्या तेव्हा शेजारी बसलेला माझा नवरा पुटपुटला, "यार, या कॉलेजच्या वाटतात."

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. कोचने टाइम-आउट घेतला. आम्ही अगदी मागेच बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं. मला वाटलं आता तो काहीतरी योजना सांगेल. त्याने विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय?"

मुलींनी माना वळवून मैदानाकडे पाहिलं. मग संघातली सगळ्यात अबोल मुलगी म्हणाली, "त्यांची रिंगखालची उंच सेंटर दमलीये. ती परत जागेवर येत नाहीये."

"मग तिथेच जा," तो म्हणाला.

लेकीने चेंडू आणला. ती आत घुसली तशा त्या उंच मुली तिच्यावर धावल्या, आणि त्यांच्या हातांखालून तिने चेंडू त्या अबोल मुलीकडे सरकवला. ती रिकाम्या जागेत एकटीच उभी होती. चेंडू रिंगला न शिवता आत पडला. सामना संपल्याची शिट्टी वाजली. नवरा बाकावर चढला होता. मुलींनी कोचला अलगद उचलून घेतलं, आणि वर हवेत तो माणूस रडत होता.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपलने त्याला बोलावून मुलांच्या संघाचं मुख्य कोचपद देऊ केलं. "काय म्हणालात?" मी विचारलं.

"थँक यू म्हणालो. म्हटलं, माझ्याकडे संघ आहे."

जिंकल्याचं जेवण त्याच्या घरच्या अंगणात झालं. त्याच्या बायकोने आपल्या शेवयांसारख्या नूडल्स मोठ्या परातीत भरून ठेवल्या होत्या, मी साबुदाणा वडे नेले होते. त्यांच्या चर्चमधले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि सगळ्या मुलींसमोर त्यांनी कोचचा हात धरला.

"मनिलात मी याला खेळताना पाहिलंय," ते मुलींना म्हणाले. "हा पडला त्या दिवशी मी तिथेच होतो. घरी जाऊन जेवलो नाही."

कोचने त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या हातात भरलेली ताटली दिली. "आज जेवा," तो म्हणाला, आणि मुलींना एकेक करून त्यांच्यापुढे आणून, कोण कशात तरबेज आहे ते सांगू लागला.