अण्णांच्या नावावरची चूक

लिहिण्याची सवय मला नाही, आणि वसंतअण्णांविषयी लिहिण्याचा अधिकार तर सर्वांत कमी मलाच. तरीही हे धाडस करते आहे, वाचकांनी क्षमा करावी. महिन्यापूर्वी बंगळुरातल्या इंदिरानगरहून त्यांच्या पत्नी सुमनअक्कांचा फोन आला, "अण्णा गेले गं," आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझी चूक जाणणारे शेवटचे माणूस गेले... त्याची लाज अजून ओसरलेली नाही.

अणुवीज केंद्रात मी रुजू झाले तेव्हा अण्णा आमचे प्रमुख होते. जमिनीवर, अवजारांवर किरणोत्सर्गी धूळ सांडली आहे का, हे पाहणे आमचे काम. मापकाची चकती पृष्ठभागापासून बोटभर उंच धरून मुंगीच्या चालीने फिरवायची. पण आधी तिचे धातूचे टोपण काढायचे, कारण या धुळीतून निघणारे बीटा किरण पातळ पत्र्यालाही अडतात. "बीटा लाजाळू पाहुणा," अण्णा म्हणत, "दार लोटलेलं दिसलं की परत फिरतो."

एका सकाळी घाईत मी टोपण न काढताच पंपाच्या खोलीची जमीन तपासली आणि 'स्वच्छ' असे लिहून दिले. अण्णांनी विश्वासाने सही केली. दुसऱ्या दिवशी, जमीन पुसून मापकाखाली धरलेल्या कागदाने खरे सांगितले. तोवर बुटांबरोबर धूळ बाहेरच्या वाटेपर्यंत पोहोचली होती. इजा कुणालाच झाली नाही. चौकशीत मात्र अण्णा म्हणाले, "मापक माझ्या हातात होतं. तिनं फक्त आकडे लिहिले." मी शेजारीच उभी होते, आणि गप्प राहिले. त्यांची बढती अडली ती अडलीच.

निवृत्तीनंतर अण्णा बंगळुरात आले. मीही तोवर त्याच शहरात, व्हाइटफील्डला राहत होते; अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. जेवणाआधी ते टेबलावरून बोटभर उंच तळहात सावकाश फिरवत, आणि अक्का लोणच्याची बरणी पुढे सरकवत, 'जरा'साठी तिथला कानडी शब्द वापरत म्हणत, "स्वल्प बघा हं, झाकण काढलंय का! ह्यांचा काही भरवसा नाही." अण्णा हसत आणि पहिली फोड माझ्या पानात वाढत. ती कधी गोड लागली नाही. एकदा जिन्यात मी म्हटले, अक्कांना आता खरे सांगू या.

"राहू दे," ते म्हणाले. "मला बोलायला तिला एवढं एकच सापडलंय."

तेराव्याला अक्कांनी तीच हकिकत पाहुण्यांना सांगितली. हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग पाने मांडण्याआधी त्यांनीच टेबलावरून तळहात फिरवला, बोटभर उंच, सावकाश...

नावे बदलून लिहिते आहे, म्हणजे धीर आजही नाहीच. खरे सांगितले तर अक्कांची ती एकुलती थट्टा जाईल; न सांगितले तर अण्णा कायमचे चुकलेले राहतील. तुम्ही माझ्या जागी असता, तर सांगितले असते का?