बेचाळीस दिवसांची छाती

सरकारनं माझी छाती एकदाच मोजली, आणि ती दोन सेंटिमीटर कमी भरली. याचा दोष मी आजही दोन हजार कोंबड्यांना देतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कवठे येमाईला आमचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड होतं आणि आबा, म्हणजे माझे वडील, आई आणि मी असे तिघं ते सांभाळत होतो. (मीही सांभाळत होतो हे माझं मत. आबांचं वेगळं होतं.) त्याच वर्षी भांडगावची सुनंदा बघायला गेलो. पोहे देताना तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मी तिथंच गारद झालो. तिचे वडील मात्र माझ्याकडं बराच वेळ पाहत होते. निघताना त्यांनी आबांना बाजूला घेतलं. घर चांगलं आहे, पण पोरगा वाऱ्यानं उडून जाईल असा दिसतो, नोकरीचं काही जमलं तर कळवा, असं म्हणाले.

आठवड्याभरात दौंडला पोलीस भरती निघाली. छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर पाहिजे होती. आईच्या शिलाई मशीनच्या टेपनं मोजली तर सत्त्याहत्तर! सुनंदा आणि माझ्यामध्ये आता फक्त दोन सेंटिमीटर उरले होते. कॅलेंडर बघितलं तर भरतीला बरोबर बेचाळीस दिवस होते आणि नेमकी त्याच सकाळी शेडमध्ये नवीन पिल्लं उतरली होती.

आता कोंबडीवाल्याला बेचाळीस हा आकडा काय असतो, ते सांगायला हवं. चाळीस ग्रॅमचं पिल्लू बेचाळीस दिवसांत पावणेदोन किलोचं होतं आणि त्याची सगळी वाढ छातीवर असते. हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत होतो. जे कोंबडीला जमतं ते बारावी पास माणसाला का जमू नये, असा माझा साधा हिशेब होता.

खाद्य कंपनीचे साळुंके डॉक्टर दर आठवड्याला शेड बघायला यायचे. मी त्यांना त्याच दिवशी गाठलं आणि छाती कशानं वाढते ते विचारलं. ते कोंबडीचं विचारतोय असंच समजले.

"प्रोटीन," डॉक्टर म्हणाले. "पण प्रोटीन आहे तसं अंगाला लागत नाही. जुनं घर पाडून विटा सुट्या कराव्यात, तसं पोट त्याचं करतं. त्या विटा म्हणजे अमिनो ॲसिड. मग त्याच विटांनी शरीर आपल्याला पाहिजे ते बांधतं. त्यातल्या काही विटा शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, त्या खाण्यातूनच याव्या लागतात. त्यातली एक जरी कमी पडली, नुसत्या ज्वारी-मक्यात पडते तशी, तर बाकीच्या नुसत्या पडून राहतात. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असला तरी नांगर हलत नाही, तसं."

डॉक्टर पुढंही काही सांगत होते. पण मला हवं ते मिळालं होतं, त्यामुळं मी घराकडं निघालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला बॅचमध्ये घातलं. शेडच्या दारात जसं कार्ड लटकवतात तसं एक माझ्या कॉटच्या वर लटकवलं. त्यावर तारीख, खाद्य, वजन आणि मरतूक, म्हणजे किती मेली, असे रकाने होते. सकाळी सहा अंडी, दुपारी सोयाबीनच्या पिठाचं पिठलं, संध्याकाळी परत सहा अंडी आणि वर म्हशीचं दूध. शेडमधलं एखादं लंगडं पाखरू निघालं तर तेही माझ्याच ताटात. भाकरी बंद, वरण बंद. आई दुखावली.

"भाकरी-वरणावर तुझा बाप पोती उचलतोय आजवर," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की ज्वारीत एक वीट कमी असते. मग ती विचारायला लागली की डाळीत ती असली तर? मी म्हणालो, हे शास्त्र आहे, तुला कळायचं नाही. (पुढं कळलं की डाळीत ती असते. ज्वारीला कमी पडणारी नेमकी तीच. आईला हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे.)

खाण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा नियम मी शेडमधूनच उचलला. ब्रॉयलरला पळू द्यायचं नसतं. पळालं की वजन उतरतं. म्हणून शेडमध्ये आम्ही कुत्रं येऊ देत नव्हतो, मोठ्यानं बोलत नव्हतो. मग मी तरी कशाला पळू? भरतीत पळायचंही होतं, पण मळ्यातल्या वाटेवर रोज सकाळी पळायचो, ते बंद केलं. खाद्याची पन्नास किलोची पोती उतरवणं बंद केलं. तूस पसरणं, पाणी भरणं, सगळं बंद केलं. शेडच्या सावलीत कॉट टाकली आणि पडून राहिलो. माझी सगळी कामं आबांवर गेली.

आबा फार बोलणारे नव्हते. पहिला आठवडा त्यांनी मुकाट्यानं पोती वाहिली. दुसऱ्या आठवड्यात एक पोतं खांद्यावर तसंच ठेवून ते माझ्या कॉटपाशी थांबले.

"म्हशीला सरकी घातली की ती दूध देती," ते म्हणाले. "तू काय देतोस?"

मी म्हणालो, "आबा, छाती."

ते पोतं घेऊन आत गेले.

वजन मात्र वाढत होतं! अठ्ठेचाळीस किलोचा मी चौथ्या आठवड्यात बावन्नवर गेलो. काटा पाखरांचाच होता, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. कार्डावर आकडा आबांनीच लिहिला आणि शेजारी मरतुकीच्या रकान्यात 'निरंक' असंही लिहिलं. मला ते कौतुकच वाटलं. घरात माणसांची ये-जा कमी झाली होती, पण त्याचं कारण बारा अंडी आणि सोयाबीन होतं, हे इथं मान्य करतो.

आई त्या दिवसांत सारखी बटणं लावत बसलेली असायची. माझ्या पँटची तुटत होती आणि आबांच्या बंडीची तुटत होती. माझी का तुटतात ते मला अभिमानानं ठाऊक होतं. आबांची का तुटतात याचा विचार मी केला नाही.

बेचाळिसावा दिवस उजाडला. पाखरं न्यायला गाडी दुपारी येणार होती आणि मी सकाळीच एसटीनं दौंडला निघालो. आईनं हातावर दही दिलं. ग्राउंडवर रांगेत उभा राहिलो तेव्हा मला खरंच वाटत होतं की संध्याकाळी भांडगावला निरोप जाईल. माझा नंबर आला. हवालदारानं टेप लावली, बघितली, परत लावली.

"सत्त्याहत्तर," तो म्हणाला. मग टेप जरा खाली सरकली तसा त्याचा चेहरा मऊ झाला. "पोटाची भरती आसती तर पैला आला आसतास, गड्या."

पळायची वेळच आली नाही, हे एक बरं झालं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. दोन्ही एकदम आवरत नव्हतं.

घरी पोचलो तर शेड रिकामं झालेलं. माझ्या बॅचची सगळी पाखरं वजनात बसून गेली होती, मी एकटाच रिजेक्ट होऊन परत आलो होतो. ओट्यावर साळुंके डॉक्टर चहा पीत बसले होते आणि त्यांच्या शेजारी सुनंदाचे वडील. निकाल ऐकायला दुपारीच येऊन बसले होते. काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग पोट बघितलं.

आबांनी डॉक्टरांना माझा सगळा उद्योग सांगितला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"अरे, त्या दिवशी पुढचं ऐकायला थांबायचं होतंस," ते म्हणाले. "चरबीला शरीरात कोठार असतं, प्रोटीनला नसतं. विटा आल्या आणि बांधकामच नसलं तर शरीर त्या जाळून टाकतं, नाहीतर चरबी करून ठेवतं. बांधकाम कुठं करायचं हे कष्टानं ठरतं. ब्रॉयलरची जातच वेगळी, ते बसून वाढतं. तू माणूस आहेस."

तेवढ्यात आबा रिकामे क्रेट उचलायला वाकले आणि आईनं सकाळीच लावलेलं बंडीचं बटण सुटून डॉक्टरांच्या बशीत पडलं. सगळ्यांचं लक्ष आबांच्या छातीकडं गेलं. आईनं टेप आणली. अडतीस इंच! बेचाळीस दिवस माझी पोती त्यांनी उचलली होती, भाकरी-वरणावर.

सुनंदाचे वडील आबांकडं वळून म्हणाले, "दुपारपासनं बघतोय मी तुमास्नी. येवढी गाडी भरली, पर कुटं बसला न्हाई. पोरगी मी तुमच्याकडं बगून देतो. फकस्त लग्नापातूर पोती ह्याला उचलू द्या."

मी आनंदानं त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि पँटचं बटण गेलं.

पुढचे चार महिने मी पोती उचलली. आबा कॉटवर बसून मोजायचे. आई भाकरी-वरण वाढायची आणि विटांबद्दल एक शब्द बोलायची नाही, ते जास्त लागायचं. लग्नाची सफारी शिवायला शिरूरला गेलो तेव्हा छातीवरून टेप फिरली. टेलर म्हणाला, "सव्वाएकतीस इंच." मी मनातल्या मनात सेंटिमीटर केले. एकोणऐंशी! पुऱ्या एकोणऐंशी! दौंडच्या त्या हवालदाराला तिथं बोलावून आणावं असं वाटलं.

टेलरनं वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडं दयेनं बघितलं.

"लईच बारीक हाय छाती," तो म्हणाला. "आतनं जरा कापूस भरू का?"

"भरा," मी म्हणालो. "पण सरकी काढू नका. तिच्यात प्रोटीन असतं."