तोंडाला तेल लावून समुद्रात

थंड समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या जहाजाच्या आत, माझ्या मुलाच्या डोळ्यांवरचा काचेचा मुखवटा घसरला. त्यात पाणी भरलं आणि त्याला काही दिसेना. बरोबर फक्त त्याची बायको होती.

हे त्यानं मला नॉर्वेहून फोनवर सांगितलं. तंजावुरात आमच्या घरी तेव्हा नुकताच फोन बसला होता.

"घसरला कसा?"

"थंडी वाजू नये म्हणून तोंडाला तिळाचं तेल चोपडलं होतं, आई. शनिवार होता ना."

"गाढवा, शनिवारी तेल लावून न्हायचं असतं. तेलकट तोंडानं समुद्रात उतरतं का कोणी?"

"इथं शिकेकाई कुठली मिळायची?"

मला हसू आलं. शिकेकाई धाडते म्हटलं आणि पुढचं विचारलं. आत जाताना दोघांनी जहाजाच्या दारापासून दोरी बांधत नेली होती. सुनेनं त्याचं मनगट पकडलं आणि दोरी चाचपत त्याला बाहेर ओढलं. शेवटी तिच्या पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आली होती.

"ती कुठाय?"

"ही काय, शेजारी. कॉफी पितेय."

दोघंही वाचली.