पुढे बैठक, मागे पोती

मी आयुष्यात एकच गाडी माझ्या मनाप्रमाणे बांधवून घेतली आणि पहिल्याच फेरीत दोन मुक्या बैलांना फासावर चढवायची वेळ आणली. चूक सुताराची नव्हती. तो बिचारा घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. चूक माझी, आणि तीही अडाणीपणाची नव्हे. अडाणी माणूस निदान विचारतो तरी. मला विचारायची गरजच वाटत नसे. वय एकोणीस, दोन वर्षांचा संसार, आणि जगात आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही अशी पक्की समजूत. त्या बाईला आज कुठं भेटले तर आधी कान पिळीन.

आमचं घर कल्याणच्या अलीकडे, डोंबिवलीच्या अंगाला, भातशेतीत. दारात सासऱ्यांनी हौसेनं केलेली दमणी होती. दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची हलकी बैलगाडी. वर कापडी छत, बाजूला पडदे, टेकायला लोड. सासरे गेले आणि दमणी गोठ्याला टेकून उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. वर्षातून दोनदा त्या कोंबड्यांना हुसकून, लोड झटकून सासूबाई तिच्यात चढायच्या आणि शहाडला थोरल्या बहिणीकडे जायच्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले. विहिरीपर्यंत जाताना वाटेत दोनदा बसायच्या. बहीण तर अंथरुणालाच खिळलेली. दोघींची गाठ पडायची ती या दमणीमुळेच.

त्या वर्षी नेमकी झोडणीच्या दिवसांत आमची भात वाहायची गाडी मोडली. ह्यांनी जाहीर करून टाकलं, "दमणीचीच मालाची गाडी करू. छत काढायचं, लोड काढायचे. मला मोकळा साटा पाहिजे." साटा म्हणजे चाकांवरचा सांगाडा, ज्यात माल भरतात.

"आणि मी शहाडला कशी जाऊ? पोत्यावर बसून?" सासूबाईंनी विचारलं.

हे दमणीतले लोड बाहेर काढायला लागले. सासूबाईंना उत्तर मिळालं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग मी मध्ये पडले. न पडते तर बरं होतं. म्हटलं, गाडी अर्धी माणसांची, अर्धी मालाची करू. पुढची बैठक छतासकट आहे तशी ठेवायची आणि मागे साटा तीन हात वाढवायचा. पुढे बैठक, मागे पोती. सासूबाई जेवल्या. ह्यांना खळ्यावर जायची घाई. "काय ते तुम्ही दोघी सुताराला सांगा. माझी पोती मावली म्हणजे झालं," म्हणाले आणि गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस आठवले की आजही डोकं उठतं. मला बाजूच्या फळ्या उंच हव्या होत्या, कारण उंच शोभतात. ह्यांना बुटक्या, कारण पोतं फेकताना उंच फळी आड येते. सासूबाईंना फळ्यांचं काही नव्हतं, त्यांना चढायला पायरी हवी होती. पायरी केली, तर ती चाकाला घासायला लागली. आत घेतली, तर सासूबाईंचं पाऊल तिच्यावर मावेना. मागची फळी खोबणीत सरकवायची असं सुताराचं म्हणणं. मी बिजागऱ्यांचा हट्ट धरला. बिजागऱ्या बसल्या, मी ऐटीत कडी काढली आणि फळी थेट माझ्या नडगीवर आली. रडले नाही. सुतारासमोर कशी रडणार? वर त्याच फळीवर समोरासमोर दोन पोपट रंगवून मागितले.

"वैनी," सुतार म्हणाला, "ही गाडी हाय का देव्हारा?"

पण खरा घोळ आखाचा. दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो आख. सुतारानं अंगणात कोळशानं गाडी काढून दाखवली. "मागं तीन हात वाढवताय, तर आखबी मागं घ्यायला लागंल. नायतर गाडी उलाळ व्हईल."

उलाळ म्हणजे मागे भार जास्त झालेली. दोनच चाकं, मागचं जड झालं की गाडी मागे बसते, पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळतात. शेतकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी जाणत नव्हते. मी ठाण्यात वाढलेली, गाडीत बसून जाणारी. गाडीचं पुढचं मला ठाऊक ते एवढंच, की तिकडे बैलांची शेपटं असतात. मी ते कोळशाचं चित्र बघितलं. चाकं मागे गेलेली, पुढचा भाग लांबलचक.

"शी! कुत्रं बसल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे की. बसलेलं कुत्रं पडत नाय."

"चाकं आहेत तिथंच राहतील."

त्यानं आशेनं सासूबाईंकडे बघितलं. पण त्यांना बैठक मिळत होती. "ती म्हणते तसं कर बाबा," त्या म्हणाल्या. सुतारानं पायानं ते चित्र पुसून टाकलं.

पहिली फेरी शहाडची ठरली. सासूबाईंना बहिणीच्या दारात सोडायचं आणि सहा पोती पुढे नदीकाठच्या वखारीत टाकायची. सासूबाई इतक्या उतावीळ, की पोती भरायच्या आधीच बैठकीत चढून बसलेल्या. मागे पोती, पुढे बैठकीत सासूबाई आणि मी, त्याच्याही पुढे कासरा धरून हे. गाडी इतकी सुरेख चालली म्हणून सांगू! सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या, त्यामुळे तोल कसा सांभाळला जातोय याची कुणालाच गंधवार्ता नाही. कल्याणच्या बाजारातून जाताना मी पडदा मुद्दाम वर बांधून ठेवला, लोकांना पोपट नाही तर निदान मी तरी दिसावी म्हणून.

बहिणीच्या अंगणात गाडी थांबली. हे उतरून बैलांपुढे उभे राहिले. मी उतरले. गाडी कुरकुरली. सासूबाईंनी पायरीवर एक पाऊल टाकलं मात्र, पुढची बाजू उठली. बैलांची तोंडं आभाळाकडे, डोळे पांढरे. हे जुवाला अक्षरशः लोंबकळले.

"आई, बस! आधी खाली बस!"

सासूबाई धपकन मागे बसल्या. गाडी खाली आली. बैल खोकले.

"अरे, मी उतरू की नको?"

"नको!"

"म्हणजे कधीपर्यंत?"

"पोती उतरेपर्यंत!"

बैल सोडावेत तर गाडी सासूबाईंसकट मागे कलंडणार. हे जू सोडून हलू शकत नव्हते. गावातले पुरुष खळ्यांवर. राहता राहिले मी आणि त्या घरची सून. आम्ही दोघी मागच्या फळीशी गेलो. फळीनं या वेळी दुसरी नडगी धरली.

एवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "कोण आलंय गं?"

"मी आलेय, अक्का!"

"मग आत ये की."

"उतरू देत नाहीत!"

"कोण?"

"तुझा भाचा!"

"का? भांडलात?"

"नाही गं. मी इथं वजन म्हणून बसलेय!"

"काय म्हणून?"

"वजन! वजन!"

आतून हसणं आलं. मग खोकला, मग पुन्हा हसणं. तिकडे त्या हसतायत, इकडे आम्ही दोघी एकेका पोत्याला मिठी मारून ओढतोय. घामानं कुंकू ओघळून नाकावर आलेलं. तिसरं पोतं ओढत होतो, तेव्हा आतली म्हातारी सुनेवर ओरडली, मला खिडकीशी बसव म्हणून. सून धावली. खिडकीत ते वाळलेलं तोंड दिसलं आणि सासूबाईंनी लोड सोडून मान बाहेर काढली. सहा महिन्यांत एवढी उतरेल असं त्यांना वाटलं नसावं.

"केवढी वाळलीस गं," त्या म्हणाल्या.

"आणि तू बघ. सहा पोत्यांना एकटी पुरतेस."

शेवटचं पोतं मी एकटीनं पाडलं. कसं, ते कंबरेलाच ठाऊक. सासूबाई उतरल्या आणि गुडघ्यांची पर्वा न करता आत गेल्या. ह्यांनी पोती बैठकीत आणि मागे वाटून भरली, वखारीत टाकली आणि संध्याकाळी आम्ही तिघं परत निघालो.

परतताना ह्यांचा राग सगळ्या वाटेला पुरला. "उद्या सुताराला बोलावतो. बैठक काढायची. छतबित काही नको, मोकळा साटा. आईला वर्षातून दोनदा कुणाची तरी गाडी मागून आणीन." कुणाची तरी गाडी कधी येते, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. सासूबाई पडद्याबाहेर बघत बसल्या.

"बैठक राहणार," मी म्हटलं. "आख मागे घ्या."

"आईसाठी म्हणत असशील तर..."

"आईंसाठी नाही. मला हवीय. मला मिरवायचंय."

असं सासूसमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. ह्यांचे कान लाल झाले. बैलांना उद्देशून म्हणाले, "मग चाकं मागे जातील. दिसेल तशी दिसेल."

सुतार आला, आख मागे घेतला, एका शब्दानं मला टोकलं नाही. दोन शब्द बोलला असता तर कमी झोंबलं असतं. तो गेल्यावर सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता, सुपातून मान वर न करता मला सांगितलं:

"सूनबाई, खोटं बोलताना तुझा आवाज चढतो, हे त्याला अजून कळलेलं नाही ते बरं आहे. माझ्यासाठी ठेवली असती तर चार महिन्यांत त्या बैठकीत पोती भरली असती त्यानं. तुझ्यासाठी ठेवलीय, म्हणजे राहील. आता महिन्यातून एकदा तुला शहाडला मिरवायला जायची हौस येऊ दे."